पितळी चाकातली ढील

बाबा,

काल दुपारी मी तुमचं यंत्र उघडलं. अंगणात पोतं अंथरलं, पोत्यावर आईचं जुनं लुगडं, आणि त्यावर ते आडवं ठेवलं. झाकणाचे चार स्क्रू इतके धरले होते की दोघांना रॉकेल पाजावं लागलं. आतलं ग्रीस डांबरासारखं काळं आणि घट्ट झालेलं. बोटावर घेऊन वास घेतला, आणि मी अंगणातून थेट तुमच्या दुकानात जाऊन पोचले. लेथच्या पट्ट्याचा, तापलेल्या तेलाचा आणि तुमच्या खाकी शर्टाचा मिळून जो एक वास होता ना, तो त्या बोटभर ग्रीसमध्ये एकवीस वर्षं तसाच राहिला होता. आई ओट्यावर उन्हात बसून तूर निवडत होती. तिनं विचारलं, "काय हुंगून राह्यली वो?" मी तिच्याकडे पाठ केली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं.

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा वाशीमहून इथं यायला एक एसटी आणि एक जीप पुरायची, निरोप असला तर जीपवाल्याच्या तोंडी जायचा. पत्र कशाला लागेल? आता लिहायला बसले त्याला कारण आहे. मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले. यंत्र चालत नव्हतं आणि चालतं म्हणून सांगितलं. त्यानंतर महिन्याभरात तुम्ही गेलात, आणि ते खोटं तसंच राहून गेलं. ते खरं करून दाखवायचं, एवढाच या हिवाळ्यातला माझा उद्योग आहे.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण पोरांना शिकवून शिकवून मला पहिल्यापासून सांगायची खोडच लागली आहे.

आसेगावकडच्या या शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला दोन-तीन वर्षं झाली होती. एक दुर्बीण घेतली होती आणि डोक्यात खूळ शिरलं होतं की ताऱ्यांचे फोटो काढायचे. पहिल्यांदा ती दुर्बीण घेऊन वाशीमला आले, गच्चीवर लावली आणि तुम्हाला शनी दाखवला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ डोळा लावून राहिलात. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. तुम्ही मान वर केली आणि म्हणालात, "येवढी बारीक रिंग, अन् कुठीसा चरा नाई. हे कोन्या लेथवर टर्न केलं असन?" आई हसून हसून खाली बसली. तुम्ही मात्र थट्टा करत नव्हता. जिनिंग फॅक्टरीत हेल्पर म्हणून लागून टर्नर झालेला, मग स्वतःचं दुकान टाकलेला माणूस. तुम्हाला कुठलीही गोल वस्तू दिसली की ती कोणीतरी फिरवून घडवली असणारच. मग तुमच्या लक्षात आलं की शनी दुर्बिणीतून हळूहळू निसटतोय. "पयून राह्यला," तुम्ही म्हणालात. मी सांगितलं की तो पळत नाही, आपण फिरतोय, आणि फोटोसाठी दुर्बिणीला ताऱ्यामागे तितक्याच सावकाश फिरवणारं यंत्र लागतं. त्याला माउंट म्हणतात. माझ्याकडे होता तो पत्र्याचा, वाऱ्यानं डुलणारा. तुम्ही विचारलं, "दिवसाले किती फेरे?" मी म्हटलं, एकच. तुम्ही म्हणालात, "मंग त्यात काय हाय. करू."

त्या "करू"ला आठ महिने लागले. जुन्या पिस्टनांचं ॲल्युमिनियम वितळवून तुम्ही यंत्राचं घर ओतून घेतलं. पितळेची जाड चकती ज्या हार्डवेअरच्या शेटजींकडून आणली, त्यांना म्हणे तुम्ही सांगितलं होतं की पोरीच्या आभाळासाठी पाहिजे, बिनडागी द्या. शेटजींनीही सगळा माल उलथापालथा करून खरंच बिनडागी दिली. त्या चकतीच्या कडेवर तुम्ही दाते पाडलेत, आणि त्या दात्यांत बसणारा, स्क्रूसारखे आटे असलेला पोलादी दांडा केलात. दांडा एक फेरा फिरला की चाक एका दात्यानं सरकणार. अशा दोन जोड्या. एक दुर्बिणीला पूर्वेकडून पश्चिमेला नेणारी, दुसरी उत्तर-दक्षिण हलकेच सावरणारी. दाते पाडायचं काम तुम्ही रविवारी करायचात, गिऱ्हाईक नसताना. मी शनिवारी संध्याकाळी घरी यायचे आणि रविवारी तुमचा डबा घेऊन दुकानात. तुम्ही जेवायचं विसरायचात, आणि मी तुमच्यावर ओरडायचे.

अशाच एका रविवारची गोष्ट. तुमचं बघून मलाही चेव आला होता. थ्रेशरचा एक शाफ्ट लेथवर चढवलेला होता, शेवटचा हात मारायचा राहिला होता, आणि तुम्ही कोणाशी तरी बोलायला बाहेर गेलात. मी म्हटलं, एवढं तर मला येतं, मी बीएस्सी झालेली बाई! हँडल फिरवलं, त्यावरचा आकडा पाहिला. जरा पुढे गेला होता. मागे फिरवून बरोबर आकड्यावर आणला आणि टूल लावलं. शाफ्ट अर्धं सूत जास्त कापला गेला. आत आलात, मोजलंत, आणि तुमच्या कपाळाची शीर मला दिसली.

"काहून हात लावला?"

"बाबा, आकडा बरोबर होता."

"आकडा बराबरच असते. आकडा कायले खोटं बोलन? पन आकड्याच्या अन् हत्याराच्या मंधात ढील हाय, ते तुह्या बापानं मोजली का तुनं?" मग माझा हात तसाच हँडलवर ठेवून वरून तुमचा हात ठेवलात. हँडल मागे फिरवलंत. ते फिरत होतं आणि टूल जागचं हलत नव्हतं. चांगलं दोन बोटं फिरल्यावर कुठे टूलनं हालचाल केली. "पाह्यलं? हे इतलं रिकामं फिरते. आट्याची बाजू बदलली का रिकामं फिरनंच हाय. कोनतीबी मशीन घे, नवी कोरी घे, थोडी ढील असतेच. म्हून मांगं याचं असन तं चांगलं दूर मांगं जाजो, अन् मंग पुढं येजो. येकाच बाजूनं येजो. नेहमी येकाच बाजूनं."

शाफ्ट वाया गेला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो पुन्हा नव्यानं केलात, त्यासाठी दुपारची झोप सोडलीत. मला मात्र रागच आला होता. बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोन माणसांनी तुमचं बोलणं ऐकलं होतं, आणि मास्तरणीचं नाक कापलं गेलं होतं. ती चार वाक्यं किती कामाची आहेत हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

यंत्र तुम्ही स्वतः घेऊन आलात. पोत्यात गुंडाळून, सुतळीनं बांधून, मांडीवर ठेवून. कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे, तर म्हणालात, "घड्याय." मंगरूळला एसटीतून उतरून जीपमध्ये बसताना जीपवाला म्हणाला वर टाका, तर तुम्ही वर टाकू दिलं नाहीत. माझ्या दारात आलात तेव्हा मांडीवर सुतळीचे वळ उठलेले होते. चहासुद्धा न घेता तुम्ही ते अंगणात मांडलंत आणि हातानं दांडा फिरवून चाक चालवून दाखवलंत. आवाज नाही, खडखड नाही. मी तुम्हाला तेव्हा धन्यवाद म्हटलं नाही. आपल्याकडे बापाला कोण म्हणतं? मी म्हटलं, जेवून जा. आज म्हणते, बाबा. त्या यंत्रासाठी, त्या वळांसाठी, आणि शाफ्टच्या वेळच्या त्या शिव्यांसाठीसुद्धा.

पुढचं तुम्हाला निम्मंच माहीत आहे.

तुमच्या दोन्ही दांड्यांना मी छोट्या मोटरी बसवल्या. तेव्हा रोलचा कॅमेरा होता. मुख्य दुर्बिणीला कॅमेरा लावायचा, शेजारी एक छोटी दुर्बीण बांधायची, तिच्यात एक तारा धरायचा आणि तो दोन तारांच्या फुलीवर राहील असं बघत दहा-दहा मिनिटं डोळा लावून बसायचं. सरकला की बटण दाबून परत फुलीवर आणायचा. पूर्व-पश्चिमेचं चाक उत्तम चालायचं, कारण त्याची मोटर सदा एकाच दिशेनं फिरते, दाते कायम एकाच बाजूला दाबलेले. घोळ दुसऱ्या चाकाचा. तारा वर गेला म्हणून खालचं बटण दाबावं तर काही होत नाही. आणखी दाबावं, तरी नाही. आणि मग एकदम उडी मारून तारा फुलीच्या पलीकडे. आता वरचं बटण, पुन्हा तेच. रोल धुऊन आणला तर प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट. शाफ्टवरची ती दोन बोटं रिकामी फिरण्याची गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती, पण मला आठवली नाही. मला आठवलं ते एवढंच की आपण तोंडघशी पडलो होतो.

एप्रिलमध्ये मी यंत्र आणि फोटो घेऊन दुकानात आले. बाकावर तेव्हाही माणसं होती. फोटो तुमच्यापुढे टाकले आणि म्हटलं, "बाबा, एवढी ढील तुमच्या हातून राहिलीच कशी?"

हे वाक्य मी आजपर्यंत कितीदा आठवलं आहे, देव जाणे. आवाजही आठवतो, चढलेला. तुम्ही फोटो उचललेत, उजेडाकडे धरलेत, एकेक पाहिलात. बाकावरचा एक जण म्हणाला, पोरगी बापाची गुरू निघाली. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "ठेवून जाय. पाहतो." मी ठेवून गेले, तेही जेवायला न थांबता.

मे महिन्यात तुम्ही ते घट्ट केलंत. दांडा चाकाकडे सरकवायला दोन स्क्रू होते, ते पिळून दांडा दात्यांत इतका चपखल बसवलात की चाक धरून कितीही हलवा, टिचकीभर खेळ नाही. पत्र्याच्या दुकानात, भर दुपारी, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असताना. मी न्यायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता हालून दाखव." मी हलवून पाहिलं. दगड हलेल, ते हलेना. मग पावसाळा आला आणि आभाळच दिसेना. पोळ्याच्या सुमारास तुम्हाला झटका आला. तोंड सावरलं, पाय सावरला, उजवा हात सावरला नाही. लेथ बंद झाली.

डिसेंबरात मी यंत्र लावलं. अंगणात बोटं गारठतील अशी थंडी होती. मोटर कण्हली, थोडी थरथरली आणि थांबली. चाक धरून बसलं होतं. दांडा हातानं पिळला तरी फिरेना. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिलं तर मजेत फिरतंय! मला कारण कळलं नाही. इतकंच कळलं की तुमच्या हातची शेवटची वस्तू बिघडलेली आहे आणि तिला पुन्हा तुमचा हात लागणार नाही.

त्या रविवारी मी घरी आले. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होता, डाव्या हातात कपबशी. पहिला प्रश्न यंत्राचा. "लावलं काय?" मी म्हटलं, हो. "कसं चालते?" मी म्हटलं, "एकदम फर्स्टक्लास." तुम्ही कपबशी खाली ठेवलीत. मग विचारलंत, "थंडीत धरत तं नाई ना?"

बाबा, तो प्रश्न मी ऐकला आणि समजून घेतला नाही. मी घाईनं म्हटलं, "नाही बाबा, लोण्यासारखं चालतं." आणि विषय बदलला, आईला विचारलं भाजी कशाची केली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले, हे खरंच आहे. पण एप्रिलमध्ये भर दुकानात जे बोलले होते त्याची भरपाई करायची होती, हेही तितकंच खरं आहे. त्यानंतर तुम्ही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंत. दूधवाल्याला, विहारातल्या मंडळींना, शेटजी बघायला आले तर त्यांना: "माह्यं चाक आभायाच्या संगं फिरते. पोरीले इचारा." मी शेजारी बसून मान डोलवायचे. संक्रांत झाली आणि आठवड्यात तुम्ही गेलात. यंत्र मी पोत्यात गुंडाळलं आणि आईच्या पलंगाखाली सरकवलं, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर नको. पुढे विकतचा माउंट घेतला. तो बरा आहे. त्यानं मला कधी रडवलं नाही आणि हसवलंही नाही.

या दिवाळीनंतर आई माझ्याकडे राहायला आली. आता ती ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे बोलतात, पण जीभ ठणठणीत. सामानात एक पिशवी कपड्यांची, एक लोणच्याची बरणी आणि एक पोतं. सुतळी तुमच्याच गाठीची वाटली, पण ती माझी असणार. "हे घे बाई तुहं," ती म्हणाली. "पलंगाखाली झाडाले जाओ तं दर खेपी बोटाले लागते." पोत्यात यंत्राबरोबर चकची चावी निघाली, तुमच्या लेथवर काम आवळून धरायची ती जड पोलादी. दुकान मोडलं तेव्हा आईनं एवढीच वस्तू ठेवून घेतली होती. ती का ठेवली विचारलं तर म्हणाली, "हातात असाची त्याइच्या. म्हून."

मी कामाला लागले. तुम्ही पिळलेले स्क्रू सैल करून मोटरी नव्या बसवल्या, त्यांना हुकूम द्यायला संगणक जोडला. आता फुलीवर डोळा लावून बसावं लागत नाही. छोट्या दुर्बिणीला छोटा कॅमेरा असतो, तो एका ताऱ्यावर नजर ठेवतो आणि तारा केसभर सरकला की मोटरीला सांगतो, इकडे ढकल, तिकडे ढकल. पण संगणकाला काय कळणार की मोटर फिरली तरी चाक अजून हललं नाही? तो बिचारा माझ्यासारखाच. नुसता आकडा पाहतो. त्यामुळे ढील काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. चाक, दांडा, ओतीव घर सगळं तुमचंच ठेवायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि मी पहिल्याच दिवशी काय केलं असेल? दुपारी उन्हात बसून स्क्रू पिळले, ढील पार शून्यावर आणली आणि खूश झाले. पहाटे उठून पाहते तर चाक धरलेलं! तुमचीच चूक, तशीच्या तशी, एकवीस वर्षांनी. तिथं अंगणात उभ्या उभ्या मला तुमचा प्रश्न ऐकू आला. थंडीत धरत तं नाई ना? ॲल्युमिनियमचं घर थंडीत पितळेपेक्षा आणि पोलादापेक्षा जास्त आकसतं. घर आकसलं की दांडा चाकावर दाबला जातो. भर मे महिन्यात चपखल बसवलेली जोडी डिसेंबरात आवळणारच. तुम्हाला ते पलंगावर पडल्या पडल्या उमगलं होतं. लेथ नाही, हात नाही, नुसतं डोक्यात यंत्र उलगडून तुम्ही चूक शोधली होती आणि माझ्याकडून फक्त "हो, धरतं" एवढं ऐकायचं बाकी होतं. मी खरं बोलले असते तर उपाय तुम्ही दोन वाक्यांत सांगितला असता. "पाहाटं आवळजो. हातानं पुरा फेरा फिरवून पायजो." तुमच्या हाताला काम उरलं नव्हतं, पण डोक्याला होतं, आणि ते मी तुम्हाला करू दिलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं, बाबा.

मी आत जाऊन आईला सगळं सांगितलं. खोटं बोलले होते तेही. आईनं चुलीपुढून मान न वळवता म्हटलं, "मालूम हाय."

"तुला काय माहीत?"

"मले काय, त्याइलेच मालूम होतं. तू खोटं बोलली का उजवा कान खाजवते. लहानपनापासून. तू गेल्यावर म्हनले, पोरगी कान खाजवून राह्यली होती. नाई चालत ते."

मी विचारलं, "मग सगळ्यांना सांगत का होते, चाक आभाळासंगं फिरतं म्हणून?"

"मीनं बी इचारलं. म्हनलं, चालत नाई तं लोकायले काहून सांगता? तं म्हने, चालन. आज नाई तं उद्या चालन. ढील काय, कोनीबी काढते. दाते बराबर हायेत."

आईनं एवढं सांगितलं आणि फुंकणी उचलली. तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.  मी तुम्हाला सांभाळून घेतलं असं एकवीस वर्षं मानत आले होते, आणि सांभाळून घेतलं होतं तुम्ही. दाते बराबर हायेत, हे तुम्ही पितळेबद्दल म्हणालात की आणखी कशाबद्दल, ते मी विचारत बसणार नाही. मला तेवढ्यात सगळं मिळालं.

मग मात्र काम रीतसर केलं. काल सगळं उघडून जुनं ग्रीस पुसलं, दाते ब्रशनं घासले. एकही झिजलेला नाही, एकही वाकडा नाही. पातळ ग्रीस लावलं. यंत्र रात्रभर अंगणात उघड्यावर गार होऊ दिलं आणि आज पहाटे शाल पांघरून, कानटोपी घालून बसले. स्क्रू जरासा पिळायचा, दांडा हातानं फिरवत चाकाचा एक पूर्ण फेरा करायचा, कुठे जड जातं ते पाहायचं. एका ठिकाणी जरा जड जात होतं, तिथं खडूनं खूण केली आणि त्या जागी हलकं फिरेल इतपतच आवळलं. म्हणजे बाकीच्या जागी थोडी ढील राहिली. राहू दिली. कोणत्याही मशीनमध्ये थोडी असतेच, तुम्हीच म्हणाला होता ना? उरलेली कशी काढायची तेही तुम्हीच सांगून ठेवलं होतं. दुर्बिणीच्या एका टोकाला चकची चावी टांगली. तेवढ्या भारानं चाकाचे दाते कायम दांड्याच्या एकाच बाजूला टेकून राहतात. आणि यंत्राचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, तो रोखताना मुद्दाम इवलीशी चूक ठेवली, म्हणजे तारा सदा एकाच बाजूला सरकेल. संगणकाला सांगितलं, उलटं ढकलायचं नाही, एकाच बाजूनं यायचं. नेहमी एकाच बाजूनं. त्याला शिव्या द्याव्या लागल्या नाहीत, लगेच ऐकलं.

आज अंधार पडल्या पडल्या लावलं. आई खुर्ची ओढून, गोधडी घेऊन शेजारी बसली होती. संगणकाच्या पडद्यावर ताऱ्याची रेघ असते, तारा हलला की ती वरखाली होते. ढील असली की ती आपल्या मंगरूळच्या जुन्या रस्त्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसते. आज थोडी थरथरली आणि मग सरळ चालायला लागली. पाच मिनिटं सरळ, दहा मिनिटं सरळ. अंधारात तुमची चावी टांगलेली दिसत होती. तुमचं चाक आभाळासंगं फिरत होतं, बाबा, मी स्वतः पाहिलं. आईचा हात धरून मी रडले. आज लपवलं नाही. ती म्हणाली, "रडते काहून बावा, चालून राह्यलं ना?"

आता ती झोपली आहे आणि मी लिहिते आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, यंत्राच्या पोत्यात राहील. आत यायच्या आधी आईनं विचारलं होतं, "फोटो कसे आले?" मी म्हटलं, "एकदम फर्स्टक्लास." ती नुसती माझ्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. तिला उद्या सांगेन. तुम्हाला आजच सांगते. दहा फोटो काढले. सातांत तारे गोल आहेत. तिनांत अजून लांबट येतात. दाते बरोबर आहेत, बाबा. ढील माझ्या हातून राहिली आहे.